घाम निथळतो, पण वाळत नाही

वाचकाचे पत्र

बारा वर्षे मी मोटरसायकल चालवत आहे आणि आजवरचे सारे आयुष्य कोरड्या हवेच्या प्रदेशात गेले आहे. तेथे पारा ४२ अंशांवर गेला तरी पाण्यात भिजवलेले कूलिंग वेस्ट अंगात घातले की माझा प्रवास सुखाचा होत असे. दहा दिवसांपूर्वी नोकरीनिमित्त समुद्राजवळच्या शहरात राहायला आलो. येथे पारा ३३ च्या पुढे जात नाही, तरीही रोजच्या पन्नास मिनिटांच्या प्रवासात जीव नकोसा होतो आणि ते वेस्ट तर अंगावर ओल्या गोधडीसारखे वाटते. परवा एका सिग्नलला उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कार्यालयातील सहकारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात ये-जा करतात. मीही रायडिंग जॅकेट सोडून द्यावे का? सकाळी लवकर निघावे म्हटले, तर हवामानाच्या ॲपवर सकाळी आर्द्रता ९० टक्के आणि दुपारी ६५ टक्के दिसते, मग दुपारची वेळच बरी नव्हे का? पाणी नेमके किती प्यावे? सुटीच्या दिवशी पत्नी मागे बसते, तिला माझ्याही आधी त्रास होऊ लागतो. त्याचे कारण काय असावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नांचा क्रम मोडून मी अंधारीपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या सर्व गोष्टी गैरसोयीच्या आहेत आणि ही एकच धोक्याची आहे. उकाड्यात शरीर आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी अधिकाधिक रक्त त्वचेकडे वळवते, घामावाटे पाणी गेल्याने रक्ताचे एकूण आकारमानही थोडे घटलेले असते, आणि अशा वेळी माणूस एका जागी उभा राहिला की मेंदूकडे जाणारा पुरवठा क्षणभर कमी पडतो. घरात असे झाले तर माणूस खुर्चीवर बसतो. दोन चाकांवर तोल सांभाळत असताना तसे बसता येत नाही. म्हणून पुन्हा असे जाणवले, किंवा डोके जड होणे, मळमळणे, पोटऱ्यांत गोळे येणे, रोजचे ओळखीचे वळण चुकणे यांपैकी काहीही झाले, तर कार्यालय पाच मिनिटांवर असले तरी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, सावलीत बसून हेल्मेट आणि जॅकेट काढावे, मान, चेहरा आणि हात पाण्याने भिजवावेत, घोट घोट पाणी प्यावे आणि पूर्ण बरे वाटल्यावरच पुढे निघावे. ‘आता आलेच की’ या एका वाक्याच्या भरवशावर मी स्वतः एकदा असा शेवटचा टप्पा रेटला होता. घरी पोहोचले खरी, पण वाटेतले दोन चौक मला आजही आठवत नाहीत. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, ॲलर्जीच्या किंवा नैराश्यावरील काही औषधांमुळे उष्णता सोसण्याची क्षमता कमी होते. आपण त्यांपैकी एखादे घेत असाल, तर हा प्रसंग डॉक्टरांच्या कानावर घालावा. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आता ४२ अंशांपेक्षा ३३ अंश का छळतात ते पाहू. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. शरीर स्वतः दोनशे वॅटच्या आसपास उष्णता तयार करत आहे असे धरले, तर तासाला केवळ तीनशे मिलिलिटर घाम वाळला तरी हिशेब जुळतो. परंतु हनुवटीवरून टपकलेला, पाठीवरून ओघळून पट्ट्यात मुरलेला घाम या हिशेबात धरता येत नाही, कारण तो शरीरातील पाणी आणि मीठ नेतो, उष्णता मात्र तेथेच ठेवून जातो. घामाने भिजलेल्या, ३५ अंश तापमानाच्या त्वचेलगतच्या हवेत एका घनमीटरमागे साधारण चाळीस ग्रॅम बाष्प मावते. आपल्या जुन्या गावी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या दुपारी बाहेरच्या हवेत जेमतेम साडेआठ ग्रॅम बाष्प असे. येथे ३३ अंश आणि ६५ टक्क्यांना ते तेवीस ग्रॅम आहे. घामाला त्वचेवरून उचलून नेणारी ओढ त्वचेलगतच्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या फरकावर अवलंबून असते, आणि ती येथे जवळपास निम्मी झाली आहे. त्यामुळे घाम दुप्पट येतो आणि निम्माच कामी लागतो.

आपले वेस्ट का रुसले, तेही यातच आहे. पाणी वाळवून एखादी वस्तू किती थंड करता येईल याला हवाच मर्यादा घालते. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जो आकडा दाखवतो, तीच ती मर्यादा. आपल्या जुन्या दुपारी हा आकडा सुमारे २२ अंश होता, येथे तो साडेसत्तावीसच्या घरात आहे. शिवाय आपण ते वेस्ट बंद जॅकेटाच्या आत घालत असाल, तर तेथील अडकलेली हवा काही मिनिटांत बाष्पाने भरते आणि मग तेवढाही थंडावा मिळत नाही. जाता जाता सांगते की, हाच ओल्या फडक्याचा आकडा ३५ अंशांवर गेला की निरोगी माणूसही उष्णता बाहेर टाकू शकत नाही, असे गणिताने मानले जात असे. परंतु अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट व्यक्तींवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेत ती सीमा ३१ अंशांच्या आसपासच आढळली. आपले साडेसत्तावीस सावलीतले आहेत. त्यात ऊन, इंजिनाची धग आणि जाड जॅकेट मिळवले की हातात फार थोडे अंतर उरते.

वेस्ट हवेच असेल तर बर्फाच्या किंवा ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाच्या पिशव्या असलेले घ्यावे. ते हवेतील बाष्पावर अवलंबून नसल्यामुळे दमट जागीही चालते. मात्र ते जड असते, दीड-दोन तासांत संपते आणि पुन्हा गोठवायला शीतकपाट लागते. पन्नास मिनिटांच्या प्रवासाला ते सोयीचे आहे, लांबच्या सहलीला नाही. तरी त्याचे फार कौतुक करू नये, कारण एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी केवळ १४० मिलिलिटर घाम नीट वाळला तरी निघून जाते. दमट हवेतही आपला स्वतःचा घामच सर्वांत मोठे यंत्र आहे. हवेची ओढ निम्मी झाली असेल, तर ती उणीव वाऱ्याने भरून काढावी लागते, आणि मोटरसायकलस्वाराजवळ वारा भरपूर असतो. तो त्वचेपर्यंत पोहोचू द्यायचा, एवढेच खरे काम आहे.

येथे आपल्याला एक जुनी सवय मोडावी लागेल. कोरड्या प्रदेशात पारा चाळिशीपार गेला की अनुभवी चालक जॅकेटाची चेन वर ओढतात आणि त्यावरच्या, हवा आत घेणाऱ्या खिडक्या अर्धवट बंद करतात, आणि ते योग्यच असते, कारण त्वचेपेक्षा गरम वारा अंगाला तापवतो आणि तोंड-घसा कोरडा करतो. येथील हवा त्वचेपेक्षा एक-दोन अंशांनी का होईना, थंड आहे. म्हणून येथे उलट वागावे: जेवढ्या खिडक्या असतील तेवढ्या उघडाव्यात. मोठी विंडस्क्रीन असेल तर खाली करावी किंवा उन्हाळ्यापुरती काढून ठेवावी. पाठीवर सॅक घेणे पूर्णपणे सोडावे, हे मी आग्रहाने सांगते. पाठ हा घामाचा सर्वांत मोठा पसारा आहे आणि सॅक तो झाकून टाकते. सामान टाकीवरच्या किंवा मागच्या सीटवरच्या बॅगेत जाऊ द्यावे.

जॅकेट सोडून देऊ नये, जॅकेट बदलावे. आपले सध्याचे जॅकेट कोणते ते आपण लिहिले नाही, परंतु ते बारमाही वापराचे असेल तर त्यात पावसापासून वाचवणारे एक अस्तर असणार, आणि तेच अस्तर वारा अडवते. ते सुटे होत असेल तर आजच काढावे आणि पावसासाठी वरून घालायचा रेनकोट जवळ ठेवावा. अस्तर शिवलेलेच असेल, तर छाती, बाह्या आणि पाठ जाळीची असलेले मेश जॅकेट घेणे हाच उपाय आहे. जाळीचे कापड रस्त्यावर घासले गेले की जाड कापडापेक्षा लवकर फाटते, हे मान्य करूनच निवड करावी. ईएन १७०९२ या युरोपीय मानकात अशा कपड्यांचे एएए, एए आणि ए असे उतरत्या संरक्षणाचे वर्ग आहेत; बरीच हलकी जाळीची जॅकेटे ए वर्गात बसतात, तरी शोधल्यास एए वर्गाचीही मिळतात आणि रोजच्या वापराला मी तीच सुचवीन. खांदे, कोपर आणि पाठीचे पॅड मात्र त्यात असलेच पाहिजेत. सहकाऱ्यांच्या अर्ध्या बाह्यांबद्दल म्हणाल, तर गाडी पळत असताना त्यांना आपल्यापेक्षा गार वाटते यात शंका नाही; पण त्यांच्या उघड्या हातांवर ऊन थेट पडते, आणि घसरून पडल्यावर कातडीच्या जागी दुसरे काही नसते. फिक्या रंगाची, किंचित सैल जाळी हा त्यातला मधला मार्ग आहे. मात्र ती इतकी सैल नको की कोपराचे पॅड फिरून बाजूला जातील.

आत काय घालावे याविषयी लोकांत बराच वाद चालतो. सुती कपड्यावर आपले सर्वांचे प्रेम आहे, आणि मोकळ्या अंगाने बसायला सुतीसारखे दुसरे काही नाही. पण जॅकेटाखाली सुती बनियन घाम पिऊन बसते, अंगाला चिकटते आणि दमट हवेत तासनतास वाळत नाही. खेळाडू घालतात तसे पातळ, अंगाबरोबर बसणारे, घाम पसरवणारे कृत्रिम धाग्याचे कापड येथे अधिक उपयोगी पडते. त्याचा दुसरा फायदा असा की घासून कातडी सोलवटत नाही आणि घामोळे कमी येते. घामोळ्याकडे केवळ खाज म्हणून पाहू नये. त्यात घामग्रंथींची तोंडे बंद होतात आणि तेवढ्या भागाचा थंडावा बरे होईपर्यंत कमी होतो. निघण्यापूर्वी हेच पातळ कापड नळाखाली भिजवून पिळून घातले आणि वर जाळीचे जॅकेट असले, तर पळत्या गाडीवर पहिली पंधरा-वीस मिनिटे बरी जातात, आणि त्या वेळात शरीराचा स्वतःचा घाम वाचतो. एवढ्यासाठी वेगळे वेस्ट घेण्याची गरज नाही.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचेच ठेवावे. त्याच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही खिडक्या उघडल्या तरच हवा खेळते, आणि त्यांत अडकलेले किडे व धूळ आठवड्यातून एकदा काढावी लागते. कित्येकांच्या हेल्मेटाच्या खिडक्या उघड्या असूनही बुजलेल्या असतात. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरणे हा चालत्या गाडीवर खरोखरचा धोका आहे, त्यासाठी आत पातळ टोपी घालावी आणि अशा दोन-तीन टोप्या आलटून पालटून धुवाव्यात. सिग्नलला थांबताच काच वर करावी, निघताना पुन्हा खाली.

सिग्नलचा विषय निघालाच आहे तर सांगते की, आपल्या पन्नास मिनिटांतली खरी शिक्षा तेथेच आहे. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि वारा थांबला की वरील सर्व व्यवस्था निकामी होते. त्यात भर म्हणून रेडिएटरचा पंखा सुरू होऊन इंजिनाची गरम हवा मांड्यांवर फेकतो, आणि तापलेला डांबरी रस्ता खालून भाजतो. कडक उन्हात डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही वर जातो. म्हणून सर्वांत जवळचा रस्ता सोडून, चार-पाच किलोमीटर लांबचा असला तरी न थांबता वाहणारा रस्ता शोधावा. हा एक बदल कोणत्याही खरेदीपेक्षा जास्त उपयोगी पडेल असे मला वाटते. थांबावेच लागले तर रांगेच्या तोंडाशी उन्हात जाण्यापेक्षा दोन गाड्या मागे झाडाच्या किंवा पुलाच्या सावलीत थांबावे, आणि सिग्नल मोठा असेल तर इंजिन बंद करावे. रेडिएटरच्या जाळीतील चिखल आणि कूलंटची पातळी एकदा पाहून घ्यावी. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नये.

सकाळच्या ९० टक्क्यांनी आपली दिशाभूल केली आहे, आणि त्यात आपला दोष नाही. ॲपवरील टक्केवारी हवेत बाष्प किती आहे हे सांगत नाही; त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती आहे, ते सांगते. सकाळच्या २७ अंशांना ९० टक्के म्हणजे एका घनमीटरमागे तेवीस ग्रॅम, आणि दुपारच्या ३३ अंशांना ६५ टक्के म्हणजेही तेवीसच ग्रॅम. बाष्प तेवढेच, पण सकाळी हवा सहा अंशांनी थंड, ऊन तिरपे आणि रस्ता अजून न तापलेला. तेव्हा निःशंकपणे सकाळी निघावे. ॲपवर पाहायचाच असेल तर टक्केवारीऐवजी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, पाहावा. तो २४ अंशांच्या वर असेल, तर त्या दिवशी घाम सहजासहजी वाळणार नाही असे समजावे.

पाण्याचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते, पण ते मोजणे सोपे आहे. एखाद्या दिवशी निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर, अंग पुसून कोरड्या कपड्यांत वजन करावे. जेवढे ग्रॅम घटले साधारण तेवढे मिलिलिटर पाणी गेले. निघण्यापूर्वीच्या तासाभरात अर्धा लिटर पाणी थोडे थोडे करून प्यावे आणि पोहोचल्यावर घटलेले भरून काढावे. पन्नास मिनिटांत मध्ये थांबून पिण्याची गरज सहसा पडत नाही. दोन-तीन तासांच्या प्रवासात दर वीस मिनिटांनी एक पेला हे माप ठीक आहे, पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. नुसते पाणी अतोनात प्यायल्याने रक्तातील सोडियम पातळ होते आणि त्याची लक्षणेही डोकेदुखी, मळमळ, गोंधळ अशी उष्णतेच्या त्रासासारखीच असल्यामुळे माणूस आणखी पाणी पितो. लांबच्या दिवशी जलसंजीवनीचे एक पाकीट ठरलेल्या मापाच्या पाण्यात, सहसा एक लिटर, मिसळून जवळ ठेवावे. कमी पाण्यात घट्ट करू नये, आणि रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडले, हे सोपे माप रोजच्या रोज पुरते.

आपल्याला येथे येऊन दहाच दिवस झाले आहेत, हेही विसरू नका. रोज थोडा वेळ उकाड्यात काढला तर शरीर एक ते दोन आठवड्यांत जुळवून घेते: घाम लवकर सुरू होतो, त्यातील मीठ घटते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. घर, कार्यालय आणि दुकान सर्वत्र वातानुकूलन असेल तर ही सवय लागायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी अर्धा तास पायी फिरावे. तोवर लांबचे बेत पुढे ढकलावेत.

आणखी एक गोष्ट सहकाऱ्यांनाही सांगून ठेवावी. घाम थांबला म्हणजेच उष्माघात, असा समज सर्वत्र आहे आणि तो घातक आहे. श्रमातून होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. खरी खूण वागण्यात दिसते: असंबद्ध बोलणे, चिडणे, झोकांड्या, शुद्ध हरपणे. शरीराचे आतील तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेले असते. तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत न थांबता जॅकेट-हेल्मेट काढून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, बर्फ मिळाल्यास मान, काखा आणि जांघांत ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, आणि तापावरची गोळी येथे काही करत नाही.

आता पत्नीविषयी. त्यांचा त्रास खरा आहे आणि त्याचे कारण आपण स्वतः आहात: समोरचा सारा वारा आपल्या छातीवर अडतो, त्यांच्यापर्यंत त्याचा थोडाच भाग पोहोचतो, आणि पुष्कळ गाड्यांत सायलेन्सरची धग मागच्या पायाशीच असते. आपल्याला बरे वाटत असताना त्या कासावीस होत असतील, तर त्या नाजूक आहेत असा अर्थ काढू नये. जाळीचे जॅकेट आधी त्यांच्यासाठी घ्यावे; बर्फाचे वेस्ट घेतलेच तर तेही त्यांनाच द्यावे. कधी थांबायचे हे मागे बसणाऱ्याने ठरवावे आणि खांद्यावर दोन थापा म्हणजे पुढच्या सावलीत गाडी थांबवायची, असे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे.